बिनथंडीचा हिवाळा आणि अकरा सांबरं

वार्षिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "वनखात्यात तीस वर्षं काढलीत, मग वाघाचं काहीतरी लिहा ना." मी म्हटलं, "बाई, माझ्या रानात वाघ नव्हता." "मग बिबट्या?" "एकदा आला होता म्हणतात. मी रजेवर होतो." बाईंचा आवाज उतरला. शेवटी म्हणाल्या, "बरं, जे होतं त्याचं लिहा."

जे होतं ते सांगतो. हैदराबादच्या दक्षिणेला, शेवटच्या सिटी बसच्या थांब्यापासून पाऊण तास चाललं की माझं रान लागायचं. एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोल खडक, खुरटा साग, पळस, सीताफळी आणि मन मानेल तिथे माजलेली घाणेरी. मधून एक वाळूचा ओढा. पूर्वेला हायवे, हायवेच्या पलीकडे मोठा तलाव. उत्तरेला दरवर्षी एकेक पाऊल पुढे सरकणाऱ्या कॉलन्या. शहरात काचीगुड्याला माझं घर, तिथून पहिली बस धरून मी रोज रानात जायचो. आमच्या गल्लीत पुष्कळांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी जंगलखात्याच्या कचेरीत कारकून आहे. शहरात कसलं आलंय जंगल, असं लोक म्हणत, आणि मी वाद घालायचं कधीच सोडून दिलं होतं.

माझं, म्हणजे सेक्शन ऑफिसरचं काम काय, ते थोडक्यात सांगतो. वणवा लागू नये म्हणून उन्हाळ्याआधी गवताचे पट्टे कापून घ्यायचे, लाकूडतोड्यांवर नजर ठेवायची, पाणवठे बघायचे, जनावरं मोजायची आणि या सगळ्याचे अहवाल लिहायचे. शिवाय लोकांचे फोन घ्यायचे. रानाच्या कडेला राहायला आलेले आपल्या पुण्याकडचे एक गृहस्थ होते, कॉम्प्युटरवाले. त्यांनी एकदा फोन केला, "अहो, त्या मोरांचं काहीतरी करा. सकाळी सहाला माझा अमेरिकेशी कॉल असतो आणि हे मागे केकाटत असतात." मी म्हटलं, "साहेब, ते तुमच्या आधीपासून तिथे राहतात." तर म्हणाले, "ते मान्य आहे, पण निदान सव्वासातपर्यंत तरी." असेच दुसरे एक सज्जन दर रविवारी हरणांसाठी उरलेल्या चपात्या आणून फाटकापाशी टाकत. हरणं काही खात नसत. कुत्री खात. हे मी त्यांना प्रेमाने तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा जरा आवाज चढवून.

रानात चितळं होती, रानडुकरं होती, मुंगसं, साळिंदरं, मोर होते. पण माझा जीव होता तो सांबरांवर. सांबर म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात मोठं हरीण. रंग ओल्या मातीचा, मानेवर राठ केस, आणि नराच्या डोक्यावर हातभर लांब शिंगं. एवढं मोठं धूड, पण लाजाळू इतकं की शेजारच्या कॉलनीत दहा वर्षं राहिलेल्या माणसालाही ते कधी दिसलेलं नसतं. दिवसभर दाट सावलीत उभं राहतं, उजाडता-मावळता पाला खातं, आणि त्याला रोज पाणी लागतं. इतर काही जनावरं पाण्यावाचून दोन-तीन दिवस ढकलतात, सांबराला ते जमत नाही. आमच्या रानात अशी अकरा सांबरं होती.

ती अकरा आहेत हे मला बालम्मानं सांगितलं होतं. बालम्मा आमची वॉचर. रानाच्या दक्षिण टोकाच्या गावात राहणारी, रोजंदारीवरची, साठीला टेकलेली, चणीने एवढीशी बाई. कमरेला विळा, डोक्याला पदर घट्ट बांधलेला. आमचं बोलणं दखनी हिंदीत चालायचं, मधूनमधून तिचं तेलुगू. मी ठशांची मापं घ्यायचो, तक्ते भरायचो, दुर्बीण लावायचो. ती मातीकडे बघायची आणि एखाद्या सांबराच्या मादीबद्दल म्हणायची, "सार, येईच औरत कल भी आई थी. पिछला बायां पाँव जरा घसीटती." तिने दाखवल्यावर मलाही तो फरफटलेला ठसा दिसायचा. तिच्याआधी मात्र कधी नाही.

आता त्या हिवाळ्याकडे येतो. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही आणि पाठोपाठ थंडीनेही दडी मारली. कपाटातले स्वेटर कपाटातच राहिले. जानेवारीत आमच्या घरी पंखा चालू होता. शहर खूश होतं. सकाळी फिरायला जाणारे म्हणत, काय मस्त हवा आहे! कोठीच्या बाजारात ब्लँकेटवाले तेवढे तोंड पाडून बसलेले.

खरं सांगायचं तर मीही खूश होतो. चितळं रस्त्याच्या कडेला दिवसाढवळ्या दिसू लागली होती. रेंजरसाहेब पाहुणे घेऊन आले तर त्यांना जीपमधूनच दाखवता येत. साहेब तरुण आणि चांगले होते, त्यांनी माझी पाठ थोपटली. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, "प्राणी सुस्थितीत असून सहज दृष्टीस पडत आहेत." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. जनावर सहज दिसायला लागलं म्हणजे ते कशाच्या तरी शोधात सावली सोडून बाहेर पडलंय, हे मला, इतकी वर्षं त्याच रानात फिरणाऱ्या माणसाला, कळू नये?

बालम्माला कळलं होतं. एका सकाळी तिने मला सागाच्या झाडाखाली नेऊन बसवलं आणि हातातल्या लेंड्या पुढे केल्या. "सार, मेंगनी देखो. ये पानी पिए सो जानवर की नै है." नेहमी सांबराच्या लेंड्या ओलसर, एकमेकींना चिकटलेल्या असतात. या सुट्या, हलक्या, कडक होत्या. मग तिने झाडाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. साल खाली कमरेएवढ्या उंचीवर दातांनी ओरबाडलेली होती. सांबरं साल खातात, पण ती मे महिन्यात. हा जानेवारी होता.

तिने मला जे समजावलं ते असं. चांगल्या थंडीत दव पडतं. पहाटे पानं ओली असतात, आणि पाला खाता खाता निम्मी तहान तिथेच भागते. त्या वर्षी दव नव्हतं. दुपारी ऊन इतकं की जनावराला तहान जास्त आणि पाल्यात ओल कमी. सागाची पानं महिनाभर आधीच गळलेली, म्हणजे सावलीही गेली. मोहाला अवेळी कळ्या धरलेल्या. थंडीने मरायच्या त्या गोचिडी जिवंत राहिल्या आणि चितळांच्या कानांत द्राक्षाच्या घोसासारख्या लटकू लागल्या. माद्यांच्या पोटात पुढचं पिल्लू, मागे मागच्या पावसाळ्यातलं. आणि ओढ्याचे डोह, जे होळीपर्यंत टिकायचे, ते संक्रांतीलाच आटलेले.

खात्यात पाणवठे भरायला सुरुवात होते ती शिवरात्रीनंतर. वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं. हिवाळ्यात पाणी मागितलं तर लोक वेड्यात काढतील म्हणून मी चार-पाच दिवस घालवले. मग एका सकाळी हायवेच्या कडेला, डांबरापासून दोन हातांवर सांबरांचे ठसे दिसले. चार-पाच जनावरं तिथपर्यंत येऊन उभी राहिली होती आणि मागे फिरली होती. पलीकडच्या तलावाचा वास त्यांना येत होता. मधल्या रस्त्यावरून ट्रक अखंड धावत होते. पाणी इकडे मिळालं नाही तर ती आज ना उद्या रस्ता ओलांडणार, हे आता मलाही दिसत होतं.

मी धावपळ केली, साहेबांच्या मागे लागलो आणि शिवरात्रीच्या कितीतरी आधी टँकर मिळवला. छाती फुगली माझी. आमच्या रानात सिमेंटच्या उथळ, बशीसारख्या टाक्या बांधलेल्या आहेत, त्यात पाणी सोडायचं. टाक्या सहा. पण टँकर जाऊ शकेल अशी एकच, फाटकाजवळची.

बालम्मा आडवी आली. "नक्को सार. एकीच जगा पानी नक्को डालो. सब उधरीच आते. फिर कुत्ते भी उधरीच आते."

मी म्हटलं, "बालम्मा, एवढ्या मुश्किलीने टँकर आलाय, आता परत पाठवू?"

मी टाकी भरून घेतली.

पहिले चार दिवस माझा सोहळा होता. चितळं आली, मोर आले, मुंगसाचं एक अख्खं कुटुंब आलं. साहेबांनी फोटो काढले. सांबरं मात्र आली नाहीत. एवढ्या उघड्यावर, फाटकाजवळ, चितळांच्या गर्दीत सांबर येत नाही. मी म्हटलं, येतील, सवय होईल. पाचव्या दिवशी कॉलनीतली कुत्री आली. चपात्यांवर पोसलेली तीच फौज. त्यांनी चितळाचं एक पाडस फाडलं. आणि सातव्या दिवशी सकाळी हायवेवर एक तरुण सांबर नर पडलेला होता. तोंड तलावाच्या दिशेला.

अकराचे दहा झाले. पंचनामा मीच लिहिला. त्याची जीभ कोरडी पडून पांढरी झाली होती. हात लावून बघितली, म्हणून सांगतो. मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो आणि ट्रकवाले हॉर्न वाजवत जात राहिले.

मी म्हणाले होते तसंच झालं, असं ऐकवण्याचा बालम्माचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकावर उभी होती. म्हणाली, "चलो सार, कुछ दिखाती." आणि मला ओढ्यात घेऊन गेली. कोरड्या वाळूत एका वळणावर, खडकाच्या सावलीत रानडुकरांनी नाकाने खोलगट खड्डा उकरला होता. तळाशी ओंजळभर पाणी. त्या ओल्या काठावर सांबराच्या मादीचा ठसा होता, मागचा डावा पाय किंचित फरफटलेला. तिच्या बाजूला पिल्लाचा.

"डुक्कर का नाक," बालम्मा म्हणाली, "तुम्हारे इंजनीर से बडा." वाळूखाली पाणी कुठे आहे ते डुकराला वासाने कळतं. डुक्कर उकरतं, त्याच्यामागून सांबर पितं. पण डुकराचा खड्डा अर्ध्या दिवसात ढासळतो. ती म्हणाली, डुकरांनी दाखवलेल्या जागांवर आपण नीट खड्डे करू. तिच्या गावात त्याला चेलिमा म्हणतात.

चेलिमा. मी खड्ड्याकडे बघत राहिलो. हा तर झिरा होता.

आमचं मूळ गाव मराठवाड्यात. वडील रेल्वेत गँगमन म्हणून काचीगुड्याला आले, पण मी नऊ वर्षांचा होईपर्यंत माय आणि मी गावीच होतो. गावच्या विहिरीवर आम्हाला जाता येत नसे. माझ्या आठवणीत कुणी तसं बोलून दाखवत नसे, पण जाता येत नसे. मग माय नदीच्या पात्रात वाळू उकरून झिरा करायची. कोपरभर खोल गेलं की पाणी झिरपायला लागायचं. करवंटीने एकेक करवंटी उचलून ती घागर भरायची, आणि घागर भरेस्तोवर मी शेजारी वाळूत किल्ले बांधायचो. हे सगळं मला माहीत होतं. पण शहरात आलो, नळ आला, नोकरी लागली, आणि झिरा ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मुलांनाही नाही. माझ्या लेखी झिरा म्हणजे अपमान आणि टँकर म्हणजे सुधारणा. म्हणून तर वाळूचा एवढा ओढा डोळ्यांसमोर असून मला टँकर सुचला.

मी तिथेच उभ्या उभ्या हे बालम्माला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अम्मा को मालूम था. तुमकू मालूम था. फिर टँकर कायकू मंगाए?"

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

राखीव रानात खोदकाम करायचं तर वरून मंजुरी लागते. ती यायला पावसाळा उजाडला असता. आम्ही मंजुरीविना खोदलं. बालम्मा, आणखी दोन वॉचर आणि मी. ओढ्याच्या लांबीत डुकरांनी निवडलेल्या जागांवर सात झिरे केले, एकमेकांपासून चांगले लांब, म्हणजे कुणाला कुणाची गर्दी नको. वाळू ढासळू नये म्हणून कडेने चपटे दगड बसवले. मी चारही बाजू सरळ उतरवत होतो, तर बालम्माने हात धरला. "एक तरफ उतार रखो सार. बच्चा अंदर गिरा तो बाहर कैसा आता?" मग प्रत्येक झिऱ्याला एका अंगाने उतार दिला. खोदताना ती आजूबाजूची झुडपंही तपासत होती. कुत्र्याला दबा धरता येईल असं झुडूप झिऱ्यापासून उडीच्या अंतरावर नको, आणि जनावराला पळायला दोन वाटा हव्यात. हे तिला कुणी शिकवलं, असं मी विचारलं तेव्हा ती हसली. म्हणाली, पाणी भरायला एकटी गेलेली बाई हे शिकतेच.

फाटकाजवळची टाकी आम्ही कोरडी केली. संध्याकाळी निघताना झिऱ्यांभोवतालची वाळू फांदीने सारखी करून ठेवायची आणि सकाळी येऊन वाचायची, असं ठरलं. पहिल्या सकाळी डुकरं, मोर आणि एक साळिंदर. सांबर नाही. मी हायवेकडे धावत गेलो. कडेला नवे ठसे होते, पण मागे फिरलेले. दुसऱ्या सकाळी चितळं. सांबर नाही. त्या दिवशी डबा मी तसाच घरी परत नेला. तिसऱ्या सकाळी बालम्मा माझ्या आधी पोहोचली होती. ओढ्याच्या काठावर उकिडवी बसलेली. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. आवाज करण्यासारखं तिथे काही नव्हतं, जनावरं केव्हाच निघून गेली होती. पण मीही पावलं न वाजवता गेलो. वाळूत पिल्लाचे गुडघे टेकल्याच्या खुणा होत्या. उतारावरून खाली उतरून, पुढचे पाय दुमडून ते प्यालं होतं. शेजारी त्याच्या आईचा फरफटलेला पाय. पुढच्या झिऱ्यावर आणखी तिघांचे ठसे.

हळूहळू दहाही आली. तेव्हापासून मे अखेरपर्यंत आम्ही रोज सकाळी झिरे उपसले, कारण झिरा एक दिवस सोडला तर बुजतो. पाणी खाली गेलं तसे आम्ही खाली गेलो. हायवेच्या कडेला नवा ठसा पुन्हा उमटला नाही. माझा वाटा यात हात हलवण्यापुरता. नजर बालम्माची होती आणि नाक डुकरांचं.

विनापरवाना उत्खननाबद्दल मला मेमो आला. आलाच पाहिजे, नियम तो नियम. मी उत्तर लिहिलं, "सदर खड्डे रानडुकरांनी खोदले असून कर्मचाऱ्यांनी केवळ दुरुस्ती केली." साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि फाईल बंद केली. पुढल्या वर्षीच्या आराखड्यात झिरे आले, मंजुरीसकट. बालम्माचं नाव त्यात कुठे नाही. मी घालायचा प्रयत्न केला, तर रोजंदारीच्या माणसाचं नाव लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. म्हणून आज इथे लिहितो.

ते तिसऱ्या सकाळचे ठसे बघून घरी आलो तेव्हा माय गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. पंच्याऐंशी उलटलेली, पण कान आणि जीभ शाबूत. तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. टँकरचं, मेलेल्या नराचं, सात झिऱ्यांचं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून झिरा हा शब्द उच्चारला नव्हता. तिने कामाचं तेवढं विचारलं. किती खोल गेलात? दगड लावले का? उतार ठेवला का? मग म्हणाली, "तिथं कुनी कुनाला हाकलतंय का?"

मी म्हटलं, "नाही माय. आपापल्या वेळेला येतात, पितात, जातात."

"मंग चांगलं हाय."

मला राहवलं नाही. विचारलं, "तुला हाकललं होतं ना गं विहिरीवरून?"

"हाकललं तर. पर तू लहान व्हतास, तुला ठावं नसंल. येका साली विहीर आटली. मंग त्याच बाया आल्या घागरी घिऊन, माझ्या झिऱ्यावर. लांब हुब्या ऱ्हायल्या. तोंडातून शबूद निघंना कुनाच्या."

"मग?"

"मंग काय? करवंटी दिली त्यायच्या हातात." माय म्हणाली. "पानी माझं थोडंच व्हतं लेकरा. म्या निस्ती वाळू सारली व्हती."